ऐकून घेणारं घर

त्याला सगळे खटपट्या म्हणत. बायको तेवढी म्हणत नसे. ती ‘अहो’ म्हणायची, आणि तिच्या ‘अहो’चे इतके प्रकार होते की तिला टोपणनावाची गरजच पडत नसे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा. पुढे गिऱ्हाइकं आरशासमोर माना वाकड्या करकरून फ्रेमा लावून बघत, आणि मागे हा पाण्याच्या बारीक धारेखाली फिरणाऱ्या चाकाला काच टेकवून तिला फ्रेमच्या मापाची करत असे. काच चाकाला लागली की चाकाचा सूर जरासा खाली यायचा. किती खाली आला यावरून अजून किती घासायचं, हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. मालक कौतुकाने म्हणायचा, “हा माणूस कानाने चष्मे करतो.”

घरी आला की मात्र त्याच्या हातांना चळ लागायचा. घरातली एकही वस्तू जशी आणली तशी राहिली नव्हती. मिक्सरला टॉर्चचं बटण होतं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की आतून काहीतरी कोकलायचं. गच्चीवरची टाकी भरली की स्वयंपाकघरात लाल दिवा लागावा, अशी सोय त्याने केली होती. त्या दिव्यामुळे टाकी वाहायची काही थांबली नाही, पण ती वाहतेय हे सगळ्यांना बसल्या जागी कळायला लागलं. एक गोष्ट सुधारली की तिच्यामुळे दुसरी बिघडायची, मग दुसरी दुरुस्त करायला तो तिसरी उघडायचा. बायकोने कधीच हात टेकले होते. ती फक्त एवढंच बघायची की नवरा स्टुलावर चढला असेल तर मेन स्विच बंद आहे ना.

आणि त्याचं अ‍ॅकॉर्डियन होतं. ते त्याला भंगारात मिळालं, भाता फाटलेला, पट्टे कुजलेले आणि निम्मे सूर मुके. त्याने एकेका सुराची पट्टी बाहेर काढून पुसली, भात्याला आतून पातळ चामडं चिकटवलं, आणि पुष्कळ दिवस घरात सरसाचा वास कोंडून राहिल्यावर ते वाद्य बोलायला लागलं. शिकवायला कुणी नव्हतं. तो आपला आपण शिकला आणि आपले आपण शिकलेल्या माणसांसारखाच वाजवायचा, म्हणजे बोटं कुठेही पडत पण मन जागेवर असे. हळूहळू त्याने स्वतःची एक चालही बांधली. फार मोठी नव्हती. मधे एका ठिकाणी ती खाली उतरता उतरता अडखळल्यासारखी थांबायची आणि मग हळूच वर बघायची, एवढंच तिचं वैशिष्ट्य. पण ती त्याची होती.

शेजारच्या खोलीत बाबा असत. बाबा म्हणजे त्याचे वडील, कारखान्यातून निवृत्त झालेले तपासनीस. उभा जन्म तयार माल बघून पास की नापास एवढंच सांगण्यात गेल्यामुळे त्यांना तिसरं काही सांगता येत नसे. चाल पहिल्यांदा पुरी वाजवून झाली त्या दिवशी भिंतीपलीकडून एकच शब्द आला होता, “नापास.” खटपट्या तेव्हा चाळिशीला आला होता, पण कान शाळकरी पोरासारखे लाल झाले. त्यानंतर तो बाबा फिरायला गेले की वाजवायचा. बापलेकांमध्ये भांडण असं नव्हतं. भांडायलासुद्धा समोरासमोर बसावं लागतं. पाणी आलं का, दार लावलं का, वीज बिल भरलं का, एवढ्यावर त्यांचं नातं सुरळीत चाललं होतं.

मग बाबांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं पार गेलं. जो शब्द काढायला जावं तो तोंडात येईपर्यंत भलताच व्हायचा. बाबांसारख्या माणसाला हे सोसवेना. त्यांनी तोंडच मिटून घेतलं. दिवा हवा असेल तरी सांगायचे नाहीत. सून दाराशी आली की डोळे बंद करून झोपल्याचं सोंग घ्यायचे, कारण तिच्याकडे काही मागायचं म्हणजे पुन्हा त्या वाकड्यातिकड्या आवाजांची फजिती.

एकदा खटपट्या त्यांची दाढी करत होता. गालाला साबण लागलेला, खिडकीतून ऊन आलेलं, आणि बाबा गुणगुणले. शब्द नव्हते, पण सूर सरळ होता. ‘हं, हं, हं’ असं पायरी पायरीने वर. खटपट्याचा वस्तरा हवेत राहिला. ज्या घशातून एक धड शब्द निघत नव्हता त्यातून तीन स्वच्छ सूर निघाले होते. त्याने तसेच तीन सूर गुणगुणून बघितले. बाबांनी परत दिले.

त्याला दुसरं काय सुचणार? त्याने एक माइक आणला, पत्त्यांच्या डबीएवढा एक कॉम्प्युटर आणला आणि बाबांच्या पलंगापाशी तारांचं जाळं विणलं. तीन सूर वर चढत गेले की दिवा. तीन सूर खाली उतरले की पंखा. एकच सूर लांब धरला की रेडिओ. आणि दोन सूर, दुसरा एकदम उडी मारून वर, की स्वयंपाकघरात घंटी. घंटी म्हणजे माणूस हवाय. ज्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा गुणगुणून दिवा लावला त्या दिवशी ते त्या दिव्याकडे इतका वेळ बघत राहिले की शेवटी बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि कांदा चिरायला गेली.

इथपर्यंत सगळं छानच होतं. घोडं अडलं ते पुढे.

यंत्राला त्याने एक गोल कळ ठेवली होती. डावीकडे फिरवली की यंत्र कडक, उजवीकडे फिरवली की सैल. सैल केलं की ते कुणाचंही ऐकायचं. कुकरच्या शिट्टीवर रेडिओ लागायचा. रस्त्यावर एखाद्याने हॉर्न दाबून धरला की रेडिओ बंद. बायको फोनवर बहिणीशी हसली की पंखा सुरू. “आता हसायचं तेही तुम्हाला विचारून का?” ती म्हणाली. मग कडक केलं, तर ते बाबांचंही ऐकेना. बाबांचा आवाज काही रोज एक नसायचा. खोकला झाला की खाली, झोप झाली की वर, पोट बिघडलं की कुठेच नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर हातपाय धुऊन पलंगाशी स्टूल ओढायचं आणि त्या दिवसाच्या आवाजाला यंत्र जुळवायचं, हे खटपट्याच्या गळ्यात पडलं. बाबा गुणगुणायचे. दिवा लागायचा नाही. “सूर उतरला, बाबा. परत म्हणा.” बाबा परत म्हणायचे. पंखाच लागायचा. बाबा वैतागून डाव्या हाताने चादर आपटायचे, मग दोघांनाही हसू यायचं. बाबांचं हसू तोंडाच्या एकाच बाजूला यायचं, पण यायचं.

आणि घर गप्प झालं. जे घर प्रत्येक सूर ऐकून घेतं, त्यात उगाच सूर काढायची सोय राहिली नाही. बायको पूर्वी धुणं वाळत घालताना काहीतरी गुणगुणायची, ते थांबलं. अ‍ॅकॉर्डियनचा तर प्रश्नच नव्हता. ते उघडलं की दिवा, पंखा, रेडिओ, घंटी सगळं एकदम अंगावर यायचं. एकदा, फक्त एकदा, बायको बाहेर गेलेली असताना त्याने माइकची तार काढली आणि आतल्या खोलीत दार लावून वाजवत बसला. बाहेर आला तेव्हा बाबा घंटीचे दोन सूर गुणगुणून गुणगुणून थकले होते. अंथरूण ओलं झालं होतं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं ते कितीतरी वेळ इकडे वळवलंच नाही. खटपट्याने चादर बदलली, त्यांना पुसलं, तार परत जोडली आणि अ‍ॅकॉर्डियन पेटीत घालून कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिलं. स्वतःची इतकी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

तेव्हापासून तो आपल्याच तारांमध्ये अडकला. दुकान, बाजार आणि दंतवैद्याचा दवाखाना, एवढीच त्याची दोरी. त्यापलीकडे गेला की फोन वाजायचा. “अहो, ते गुणगुणताहेत आणि इथे काहीच लागत नाहीये.” मग हा हातातलं टाकून निघायचा. एका लग्नाला म्हणून तो बायकोला घेऊन जवळच्याच गावी गेला होता, शेजारणीला बाबांपाशी बसवून. पंगतीत पहिला घास घेतला आणि शेजारणीचा फोन आला. अर्ध्या ताटावरून उठला. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून त्याला वाटलं, बाबा पलंगाला खिळलेत आणि मी बाबांना. घरासाठी खपणारा मुलगा म्हणून ओळखीपाळखीचे त्याची वाहवा करत. प्रत्येक वाहवा ऐकताना आणखी एक खिळा ठोकल्यासारखं व्हायचं.

एक रविवार तेवढा त्याचा होता. दवाखाना बंद असायचा आणि दातांच्या खुर्चीशेजारच्या वाट बघायच्या खोलीत पाचसहा हौशी मंडळी जमायची. दंतवैद्य गायचे. स्टेशनरीवाला व्हायोलिन वाजवायचा, शाळेतले कसरतीचे मास्तर ड्रम बडवायचे. भिंतीवर हसऱ्या दातांचं मोठं चित्र होतं, कुणी बेसूर झालं की दंतवैद्य त्या चित्राकडे बोट दाखवून म्हणायचे, “ते बघा, तुम्हालाच हसतायत.” खटपट्या कपाटावरची पेटी काढून खांद्यावर घालून जायचा आणि फोन येईपर्यंत वाजवायचा.

तिथेच एक दिवस बातमी आली. पलीकडच्या शहरात नवीन नाट्यगृह झालं होतं आणि तिथल्या पहिल्या आठवड्यात हौशी मंडळींचे कार्यक्रम ठेवले होते. यांना बोलावणं आलं. गुरुवारी निघायचं, तिथे तालीम करायची, रविवारी कार्यक्रम.

“आणि सुरुवात तुझ्या चालीने,” दंतवैद्य म्हणाले. “पडदा वर जाईल, तेव्हा मंचावर तू एकटा. आम्ही मागे अंधारात. शेवटच्या आवर्तनाला आम्ही येऊ.”

इतकी वर्षं ती चाल त्याने फार तर एका भिंतीला आणि या पाचसहा जणांना ऐकवली होती.

“घरी बघतो,” तो म्हणाला.

“बघतो नाही. येतो म्हण.”

“बघतो म्हणालो ना.”

“हे बघ, तू नाही आलास तर मी दुसरा कुणी घेणार नाही. दुसरा ती वाजवणार तरी कशी? मग ती वाजणार नाही, संपलं.” दंतवैद्य मायाळू माणूस होता, पण दात उपटायची सवय बोलण्यातही उतरली होती.

मग काही दिवस खटपट्याने जिवाचं रान केलं. चार दिवस आपल्यावाचून यंत्र चालावं म्हणून त्याने बाबांचे वेगवेगळ्या दिवसांचे आवाज साठवून बघितले, दुसरा माइक लावून बघितला, तो उशीला शिवून बघितला. जितकं सुधारावं तितकं बिघडत गेलं. शेवटी त्याने बायकोला कळ फिरवायला शिकवलं. अवघड काही नव्हतं. ती स्टुलावर बसली, बाबांनी गुणगुणलं, आणि ते असं काही गुणगुणलं की दिवा सोडाच, घंटीसुद्धा चमकून गप्प बसली असती. तिने कळ इकडे फिरवली, तिकडे फिरवली. बाबा छताकडे बघत राहिले.

ती उठली. तिच्या चेहऱ्यावर जरा निराळंच हसू होतं. “मला नाही जमायचं हो. त्यांचा सूर तुमच्याशीच जुळतो.”

त्या संध्याकाळी त्याचा तोल गेला. बाबांनी ओळीने चार वेळा चुकवल्यावर तो ओरडलाच, “अहो बाबा, सरळ म्हणा ना! तीन सूर आहेत फक्त! लहान मूल म्हणेल!” बाबा दचकले. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात पोटाशी ओढून घेतला. खटपट्याला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तो त्यांचे पाय चेपत बसला, पण मनात एकच होतं, मी सुटणार नाही. हे असेच बेसूर होत जाणार आणि मी इथेच, या स्टुलावर, कळ फिरवत म्हातारा होणार. दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याने दंतवैद्यांना फोन केला आणि जमत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून फक्त “बरं” असं आलं. ते “बरं” त्याला दिवसभर पुरलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानातल्या चाकाचा पट्टा तुटला. नवा येईपर्यंत काम बंद. मालक म्हणाला, जा घरी. अवेळी घरी जायची सवय नसल्यामुळे तो चोरासारखा जिना चढला आणि किल्लीने दार उघडून चपला काढता काढता थबकला.

आतून गुणगुणणं येत होतं. तीन सूर नव्हते ते. लांब, सलग, मजेत चाललेलं काहीतरी. खाली उतरता उतरता ते अडखळल्यासारखं थांबलं आणि मग हळूच वर गेलं. त्याचीच चाल होती, जी बांधताना रोज भिंतीपलीकडे ऐकू जायची. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, एकही जागा न सोडता. सूर तर असा लागला होता की यंत्र कितीही कडक केलं असतं तरी त्याने मान डोलावली असती.

तो दाराच्या फटीतून बघत राहिला. माइकवर टॉवेल टाकलेला होता. दुपदरी, व्यवस्थित. बाबा पलंगावर नव्हते. ते भिंतीला खांदा लावून उभे होते, एक पाय टाकून दुसरा ओढत स्विचबोर्डाकडे निघाले होते. खटपट्याने भिंतीवरची जुनी बटणं काढली नव्हती; ती लागतात हे त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं. बाबांनी डाव्या हाताच्या मनगटाने पंख्याचं बटण दाबलं, वर बघितलं, आणि गुणगुणत परत फिरले. फिरताना त्यांना दारातला मुलगा दिसला.

बाबांनी आधी टॉवेलकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि डबा चोरताना पकडलेल्या मुलासारखी मान खाली घातली.

बायको ग्रंथालयात नोकरीला होती; सकाळपाळी आटपून मघाशीच आली होती आणि स्वयंपाकघरात होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“तुला माहीत होतं?”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. “हो.”

“कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. आधी भिंत धरून उभे राहायचे, मग चालायला लागले. संडासलाही जातात आपले आपण, तुम्ही घरी नसलात की.”

“आणि तुला मला सांगावंसं वाटलं नाही? मी लग्नाच्या पंगतीतून उठलो! घरात वाद्याला हात लावला नाही मी! नाट्यगृहाला नाही म्हणून सांगून बसलोय! दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलंत!”

“ओरडू नका, पंखा बंद पडेल,” ती म्हणाली, आणि मग तिलाच ते बोलल्याचं वाईट वाटलं. “अहो, मी या घरात आले तेव्हापासून तुम्हा दोघांना एका खोलीत बसलेलं बघितलं नव्हतं. जेवतानासुद्धा एक उठला की दुसरा बसायचा. आता रोज संध्याकाळी बसता. हसता. ते दुपारपासून घड्याळाकडे बघत असतात. ते मुद्दाम चुकतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला काय वाटलं असेल? मी ते मोडायला हवं होतं का? मग सांगायचं होतं मला, कसं मोडायचं ते.”

“माझी वर्षं गेली त्यात.”

“माझीही गेली. मीही नाही गुणगुणले.”

ती भांडं पुन्हा उचलून म्हणाली, “आता कळलंय ना? मग जा. करा फोन त्या डॉक्टरांना. मी आहे इथे, आणि ते स्वतःचं स्वतः करतात. तुम्हाला कुणी धरून ठेवलेलं नाही.”

त्याने फोन केला. दंतवैद्य इतक्या जोरात “शाब्बास” म्हणाले की खुर्चीतला रोगी नक्की दचकला असेल. पेटी कपाटावरून खाली आली. बॅग भरली. सगळं चटाचट झालं, आणि राग मात्र उतरेना. फसवलं, हाच शब्द डोक्यात फिरत राहिला. त्या संध्याकाळी तो स्टुलावर बसायला गेला नाही. स्वयंपाकघरात उगाच तो टाकीचा लाल दिवा उघडून बसला. बाबांच्या खोलीतून एकही सूर आला नाही. नेहमीची वेळ झाली, टळून गेली, आणि घर इतकं शांत झालं की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला तरी बायकोने वळून बघितलं.

सकाळी गाडी दाराशी आली. बायको पेटी घेऊन पुढे गेली. निघताना सांगायला म्हणून तो बाबांच्या दाराशी गेला. नुसतं ‘येतो’ म्हणायचं आणि निघायचं, असं त्याने ठरवलं होतं.

बाबा पलंगावर ताठ बसले होते. डाव्या हाताने त्यांनी आपली आपण दाढी केली होती, हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं. अंगात धुतलेला सदरा होता, बटणं एक सोडून एक लागली होती. माइकवरचा टॉवेल काढून घडी करून बाजूला ठेवला होता. मुलगा आलेला बघताच त्यांनी घसा साफ केला.

तीन सूर वर. दिवा लागला. तीन सूर खाली. पंखा फिरायला लागला. एक सूर लांब, न हलता. रेडिओ सुरू झाला. मग दोन सूर, दुसरा उडी मारून, आणि स्वयंपाकघरात घंटी वाजली. पहिल्या झटक्यात, एकही न चुकता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि डावा हात हलवला. जा.

खटपट्याचा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. बाबा त्याला सोडत होते. चूक कबूल करून, नीट, त्याच्या देखत. आत्ता बॅग उचलून बाहेर पडलं की यावर शिक्कामोर्तब होणार. सोमवारी परत आल्यावर तो हातपाय धुऊन कशाला या खोलीत येणार होता? बाबांना सगळं येतं, हे दोघांना ठाऊक. मग स्टूल ओढून काय बोलायचं? पाणी आलं का? दार लावलं का? नुसतं शेजारी बसणं या दोघांना जन्मात जमलं नव्हतं आणि आता या वयात जमणार नव्हतं. त्यांना काहीतरी बिघडलेलं लागत होतं. चार दिवसांनी येऊन पुन्हा खेळ मांडता येईल, असं कुणी शहाणा म्हणेल. पण बाबांनी इतक्या मानाने सोडून दिल्यावर पुन्हा चुकायला ते तयार झाले असते का? पडदा वर जाण्याची भीतीही त्यात थोडी असेल. माणूस एकाच कारणाने काही करतो असं थोडंच आहे? पण त्या घटकेला त्याला दिसत होतं ते एवढंच, की हा दिवा असा जळत राहिला तर बाबा या खोलीत एकटे पडतील आणि मी बाहेर.

खाली गाडीने हॉर्न दिला. “अहो!” बायकोची हाक आली.

त्याने बॅग खाली ठेवली. स्टूल ओढलं आणि बसला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा विझला, पंखा थांबत गेला, रेडिओ गप्प झाला. मग त्याने कळ धरली आणि डावीकडे फिरवली. डावीकडे, आणखी डावीकडे, फिरायची थांबेपर्यंत. आता जगातला कुठलाही घसा त्या यंत्राला पटला नसता. बाबा त्याच्या बोटांकडे बघत होते. त्यांना सगळं दिसत होतं.

“म्हणा, बाबा.”

बाबांनी म्हटलं. सूर अगदी सरळ होते. दिवा लागला नाही.

“नाही लागत,” खटपट्या म्हणाला. “थोडं उतरतंय. परत म्हणा.”

बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिने कळीकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. गाडीतल्या मंडळींना पुढे व्हा म्हणून सांगायला ती जिना उतरून गेली, सावकाश, एकेका पायरीवर थांबत, वरून हाक आली तर ऐकू यावी म्हणून. हाक आली नाही.

बाबा कितीतरी वेळ मुलाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी डोकं हलवून नाही म्हटलं. दाराकडे हात केला. मग पुन्हा केला. मुलगा जागचा हलत नाही म्हटल्यावर त्यांनी तो हात हळूच चादरीवर ठेवला, डोळे पुसले, घसा खाकरला, आणि तीन सूर म्हटले, मोठ्याने, एकही जागेवर नसलेले.